आफ्रिकेत जायचंय, पण पंधरा दिवसांच्या कॅम्पला की वर्षभर शिकवायला?

शिक्षणानंतरच्या सक्तीच्या सरकारी सेवेचा बाँड संपत आला की आमच्या परळच्या डिपार्टमेंटमधलं कोणी ना कोणी विचारतंच, मॅडम बाहेर जाऊन काम करायचंय, कुठे जाऊ? मी भूलतज्ज्ञ, दोन्ही करून आलेय, म्हणून एकदाच सविस्तर लिहिते.

ऑपरेशनच्या कॅम्पला जाणं सोपं. रजा मिळते, घरचे कुरकुर करत नाहीत, आणि पंधरा दिवसांत फाटलेल्या ओठांची कितीतरी पोरं नीट होऊन आईच्या मांडीवर जातात, त्याला कमी लेखायचं कारणच नाही. आपल्याकडे इम्पॅक्ट इंडियाने रेल्वेबरोबर 1991 मध्ये लाइफलाइन एक्स्प्रेस काढली तीसुद्धा त्याच विचाराने, जिथे सर्जन पोचत नाही तिथे ऑपरेशन थिएटरच रुळावरून न्यायचं.

पण माझ्या पहिल्या कॅम्पमध्ये मी भूल देताना श्वासनलिकेत एकामागून एक ट्यूब टाकत होते आणि तिथला क्लिनिकल ऑफिसर (डॉक्टर नसलेला, पण प्रशिक्षण घेतलेला आरोग्य कर्मचारी), जो एरवी त्या अख्ख्या जिल्ह्याला भूल देतो, तो अकरा दिवस बाजूला उभं राहून सलाईन लावत होता. बाराव्या दिवशी म्हणाला, एवढ्या लहान बाळाची ट्यूब मला एकदा टाकू द्या ना. तेव्हा आमच्या बॅगा भरून झाल्या होत्या. टाळूच्या ऑपरेशननंतर भोक राहिलं तर ते बऱ्याचदा टीम परत गेल्यावरच कळतं, तेव्हा आई बाळाला घेऊन त्याच्याकडेच येणार ना?

दुसरा प्रकार म्हणजे वर्षभर शिकवायला जाणं, रवांडासारखं. तिथल्या सरकारने 2012 मध्ये वीसहून जास्त अमेरिकन संस्थांना बोलावलं, पण सूत्रं स्वतःकडे ठेवली: पैसा सरकारमार्फत जाणार, युनिव्हर्सिटीने ओव्हरहेड, म्हणजे स्वतःच्या कारभाराचा खर्च, 7 टक्क्यांच्या वर घ्यायचा नाही आणि बाहेरच्या प्रोफेसरने तिथल्या प्रोफेसरबरोबर जोडीने शिकवायचं. मला हे फार पटतं, कारण पाहुणा गेला तरी वर्ग चालू राहतो. केनियात एल्डोरेटला तिथल्या मोई आणि अमेरिकेतल्या इंडियाना युनिव्हर्सिटीची जोडी तर 1989 पासून आहे, 2001 मध्ये एचआयव्हीचं मोठं काम अंगावर घेतलं तेव्हा एकमेकांची माणसं आधीपासून ओळखीची होती.

त्रास इथेही आहे. स्वतःच्या हातून केसेस कमी होतात, शिकवण्यात दिवस जातो, पहिले तीन महिने तर आपण काही केलंय असं वाटतच नाही. आणि पैसा बाहेरचा असला की तो आटतो, रवांडाचा प्रोग्रॅम सात वर्षांचा ठरलेला, पण पेपफार या अमेरिकन सरकारच्या एचआयव्ही मदत योजनेचा निधी 2017 मध्येच थांबला.

(मशिनं दान करणं हा तिसरा पर्याय लोक सुचवतात. ऑक्सिजन सेन्सर बदलायला मिळत नाही म्हणून चादर टाकून ठेवलेलं भुलीचं मशिन मी बघितलंय, त्यामुळे सुटे भाग आणि दुरुस्ती शिकवणारा माणूस बरोबर नसेल तर नकोच.)

माझं मत सरळ आहे, वर्ष देता येत असेल तर शिकवायलाच जा. पंधराच दिवस असतील तर त्याच हॉस्पिटलला दरवर्षी परत जाणारी टीम शोधा, आणि हो म्हणायच्या आधी विचारा की तिथला माणूस स्वतःच्या हाताने किती केसेस करणार आणि आपण निघाल्यावर रात्री दोनला फोन कोण उचलणार. दोन्हींसाठी त्या देशाच्या मेडिकल कौन्सिलचं तात्पुरतं रजिस्ट्रेशन लागतं, त्याला वेळ जातो, तेव्हा बाँडचे तीन-चार महिने उरलेले असतानाच कागदपत्रं काढायला घ्या.