जंगलात सायकलने एक मुक्काम: तंबू, टार्प-बिव्ही की हॅमॉक?

संध्याकाळी सामान बांधून सायकल काढायची, वस्ती मागे टाकून रानात शिरायचं, रात्र तिथेच काढायची आणि दुसऱ्या दिवशी दुपारच्या आत परत. बाइकपॅकिंगचा, म्हणजे सायकलवर सामान बांधून केलेल्या भटकंतीचा, हा सर्वांत आटोपशीर प्रकार. ग्रँट पीटरसन या अमेरिकन सायकलवाल्याने त्याला 'एस-ट्वेंटीफोर-ओ' म्हणजे चोवीस तासांच्या आतला मुक्काम असं नाव दिलं आणि ते जगभर रुळलं. नव्याने जाणारे बहुतेक जण सुरुवात बॅगांपासून करतात: सीटपॅक (सीटमागे बांधायची बॅग) किती लिटरचा, फ्रेम बॅग (फ्रेमच्या त्रिकोणात बसणारी) अर्धी की पूर्ण. माझ्या मते आधी झोपायचं कशात हे ठरवावं. सायकलवर सगळ्यात जास्त जागा निवारा आणि अंथरूण-पांघरूण खातं. ते ठरलं की कुठल्या बॅगा लागतील ते आपोआप कळतं.

एका रात्रीच्या मुक्कामाला एक मोठी सवलत असते. आठवडाभराच्या दौऱ्यात ऊन, वारा, पाऊस सगळ्याची तयारी ठेवावी लागते. इथे निघायच्या काही तास आधी हवामानाचा अंदाज बघायचा आणि त्याच रात्रीपुरता निवारा निवडायचा. म्हणून सगळ्यात चांगलं काय, असं न विचारता कुठल्या रात्री काय न्यावं, असं विचारलेलं बरं.

तंबू

एकट्यापुरता हलका तंबू साधारण एक ते दीड किलोचा असतो. वजनाची फार काळजी करू नका, एका रात्रीच्या सामानात एवढं चालून जातं. अडचण असते ती काठ्यांच्या लांबीची. नेहमीच्या तंबूच्या काठ्या घडी केल्यावर 40 ते 50 सेंटिमीटर भरतात. सरळ हँडलबारच्या सायकलला ते चालतं. रेसिंग सायकलसारख्या वाकड्या हँडलबारमध्ये मात्र दोन्ही बाजूंच्या मधली जागा जेमतेम 35-40 सेंटिमीटर असते, आणि गुंडाळी त्यात बसवली की ब्रेक-गिअरचे लिव्हर दाबायला अडथळा येतो. म्हणूनच काही कंपन्या सायकलवाल्यांसाठी 30 सेंटिमीटरच्या आसपास घडी होणाऱ्या काठ्यांचे तंबू काढतात. पण एवढ्यासाठी नवा तंबू घ्यायची गरज नाही. काठ्या वेगळ्या काढून फ्रेमच्या आडव्या नळीखाली पट्ट्याने बांधा, कापड हँडलबारवर गुंडाळा. हँडलबारवरचा भार जितका कमी, तितकी खडबडीत उतारावर सायकल हातात राहते.

तंबूचं खरं बळ आतल्या चार भिंतींत आहे. डास-किडे बाहेर राहतात, कपडे बदलता येतात, पाऊस लागून राहिला तर बसून वेळ काढता येतो. नवख्या माणसाला जंगलात पहिली रात्र तशीही नीट झोप लागत नाही. आडोसा असला की मन शांत होतं. ही गोष्ट मी गौण मानत नाही. दुसऱ्या दिवशी त्याच दगडधोंड्यांतून सायकल चालवत परतायचं असतं आणि अर्धवट झोपेने हात, नजर, ब्रेकचा अंदाज सगळंच ढिलं पडतं.

उणीव एकच, पण मोठी: सपाट जागा लागते. दोन मीटर लांब, मीटरभर रुंद, दगड-मुळं नसलेली. दाट झाडीच्या उतारावर अंधारात ती शोधत फिरणं फार दमवतं.

टार्प आणि बिव्ही

बिव्ही म्हणजे स्लीपिंग बॅगवर चढवायची जलरोधक खोळ, आणि टार्प म्हणजे वर ताणायचं साधं छत. दोन्ही मिळून तंबूपेक्षा हलके पडतात. त्याहून महत्त्वाचं म्हणजे काठ्या नसल्यामुळे ते कुठेही कोंबता येतात, सीटपॅकच्या उरलेल्या कोपऱ्यातसुद्धा. सीटपॅक लहान राहिला की तो डुलत नाही, आणि बुटक्या फ्रेमवर मागच्या टायरला घासतही नाही.

लांब पल्ल्याच्या शर्यतींतले फोटो बघून अनेकांचा कल बिव्हीकडे जातो. टूर डिव्हाइडसारख्या चार हजार किलोमीटरहून लांब शर्यतीत स्वार काही तास पाठ टेकतो आणि उठून निघतो. त्याला निवारा उभारण्यात दहा मिनिटंही घालवायची नसतात. तुम्ही मात्र मुक्कामासाठीच चालला आहात. संध्याकाळी सातपासून सकाळी सहापर्यंत खोळीत पडून राहणं हा वेगळा अनुभव आहे, आणि त्यात पाऊस असेल तर फारच वेगळा.

बिव्हीची दुसरी कटकट म्हणजे ओल. अंगातून आणि श्वासातून रात्रभर वाफ बाहेर पडत असते. खोळीचं कापड बाहेरून गार पडलं की ती आतल्या बाजूला पाणी होऊन बसते आणि पहाटे स्लीपिंग बॅगचा पायाकडचा भाग दमट लागतो. पिसांची बॅग असेल तर तिची ऊब ओलीने झपाट्याने घटते. उपाय दोन: तोंड खोळीच्या बाहेर ठेवूनच झोपा, आणि उघड्या आभाळाखाली न झोपता झाडाखाली किंवा टार्पखाली झोपा. निरभ्र रात्री आभाळाकडे तोंड करून असलेली प्रत्येक वस्तू आपली उष्णता वर सोडून देते, हवेपेक्षाही गार होते आणि तिच्यावर दव धरतं. मध्ये पानांचं किंवा कापडाचं छत असलं की हे बरंचसं टळतं. ओढ्याकाठची खोलगट जागा टाळून थोडं वर चढलात तर आणखी फरक पडतो, कारण गार हवा रात्री उतरून तळाशी साचते.

टार्पला आधार म्हणून सायकल छान कामाला येते. सायकल झाडाला टेकवून उभी करा, पुढचा ब्रेक लिव्हर रबराच्या पट्ट्याने आवळून बांधा म्हणजे चाक फिरणार नाही. मग टार्पची एक बाजू सॅडलवरून घेऊन पलीकडे जमिनीत खुंटीला ताणा आणि दुसरी बाजू उतरती सोडा. वाऱ्याच्या दिशेला सायकलची बाजू ठेवली तर पाठीला चांगला आडोसा होतो. चाक काढून सायकल वापरायची पद्धतही आहे, पण हायड्रॉलिक डिस्क ब्रेक असतील तर पॅडच्या मध्ये काहीतरी अडकवून ठेवा. अंधारात लिव्हर चुकून दाबला गेला की पॅड जवळ येतात आणि सकाळी चाक आत जात नाही.

हॅमॉक

नुसता हॅमॉक, म्हणजे दोन झाडांमध्ये टांगायची कापडी झोळी, हातात घेतला तर अगदी हलका लागतो आणि तिथेच फसगत होते. पट्टे, वरचा टार्प, मच्छरदाणी आणि खालून लावायची रजई धरली की एकूण वजन तंबूच्या घरात जातं. ती रजई वगळता येत नाही. हॅमॉकमध्ये पाठीखालची स्लीपिंग बॅग अंगाच्या भाराने दबते, तिच्यातली हवा निघून जाते आणि खालून वारा लागत राहतो. हवा सुखद असतानाही मध्यरात्री पाठ गारठते. मॅट टाकून काम भागतं, पण ती घसरते. रुंद मॅट असेल तर बरी.

मग हॅमॉक घ्यायचाच कशाला? कारण खालची जमीन कशीही चालते. तिरपी, दगडांची, मुळांनी भरलेली. जिथे तंबूवाला तासभर जागा शोधेल तिथे दोन बरी झाडं मिळाली की तुमचं काम झालं. चार-पाच मीटर अंतरावरची, जिवंत आणि भक्कम झाडं हवीत, आणि वर वाळकी फांदी लटकलेली नाही ना हे आधी बघायचं.

टांगताना पट्टा आडव्याशी 30 अंशांचा कोन करेल एवढा ढिला ठेवा. हा नियम आरामापुरता नाही. 80 किलोचा माणूस झोपला तर 30 अंशांत प्रत्येक पट्ट्यावर सुमारे 80 किलोचा ताण येतो. झोळ नको म्हणून ताणून 15 अंशांवर आणलं की तोच ताण 155 किलोच्या आसपास जातो आणि 10 अंशांवर 230 किलोपर्यंत. मग शिवण उसवते, झाडाची साल सोलवटते. पट्टाही किमान अडीच सेंटिमीटर रुंद हवा. बारीक दोर सालीत रुततो. झोपताना कापडाच्या मधोमध न झोपता जरा तिरपं झोपा, पाठ सपाट राहते. कुशीवर किंवा पोटावर झोपणाऱ्यांना मात्र हॅमॉक सहसा मानवत नाही, त्यांनी त्याच्या वाटेला न गेलेलंच बरं.

निवडायचं कसं

पहिलाच मुक्काम असेल तर तंबू न्या. पावसाची शक्यता असेल, डास असतील, सोबत कुणी असेल तरीही तंबूच. दोघांत एक तंबू म्हणजे एकाने कापड घ्यायचं, दुसऱ्याने काठ्या आणि खुंट्या. प्रत्येकाच्या वाट्याचं ओझं टार्प-बिव्हीच्या जवळपास येतं. अंदाज कोरडा आहे, हवा फार गार नाही आणि वाट अशी आहे की सायकल बऱ्याचदा उचलून न्यावी लागेल, तर टार्प-बिव्ही. चढावर सायकल खांद्यावर घेताना एकेक किलो जाणवतो. आणि उबदार दिवसांत डोंगरउतारावरच्या दाट झाडीत जाणार असाल तर हॅमॉकसारखं सुख नाही.

तिन्हींच्या आधी एक चौकशी करा: तिथे सायकल नेता येते का आणि मुक्काम करता येतो का. अमेरिकेत 1964च्या कायद्याने 'विल्डरनेस' म्हणून राखलेल्या जंगलांत यांत्रिक वाहतुकीला बंदी आहे आणि त्यात सायकलही येते. उलट नॉर्वेत मोकळ्या रानात राहत्या घरापासून 150 मीटर दूर कुणालाही तंबू ठोकता येतो. काही संरक्षित जंगलांत झाडाला काहीही बांधायला मनाई असते, म्हणजे हॅमॉक बाद. पाण्यापासून साधारण 60 मीटर दूर राहायचा संकेत मात्र कुठेही पाळावा, कारण जनावरं रात्री तिथेच उतरतात.

निर्णय होत नसेल तर नकाशा उघडा आणि मुक्कामाची जागा नीट बघा. समोच्च रेषा (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या) एकमेकींना चिकटलेल्या, म्हणजे उतार तीव्र, आणि रंग गर्द हिरवा, म्हणजे झाडी दाट, असं दिसलं तर हॅमॉक, रेषा विरळ असतील तर तंबू किंवा टार्प. उपग्रहाच्या चित्रात झाडं खुरटी किंवा फार लांब लांब दिसत असतील तर हॅमॉकचा विचार सोडून द्या. काहीही नेलंत तरी सूर्यास्ताच्या तासभर आधी तिथे पोहोचा. जमीन, झाडं आणि वरच्या वाळक्या फांद्या टॉर्चच्या उजेडात नीट दिसत नाहीत.