अ‍ॅथलेटिक्स आणि महिला क्रीडा पत्रकारिता: दैनिकातली नोकरी की मुक्त लेखन?

दैनिकाच्या क्रीडा डेस्कवर संध्याकाळ एजन्सीच्या बातम्यांचा अनुवाद, मथळे आणि पान लावण्यात जाते. पगार ठरल्या तारखेला होतो, आणि अधिस्वीकृतीसाठी, म्हणजे स्पर्धेत पत्रकार म्हणून प्रवेश देणाऱ्या अधिकृत परवान्यासाठी, लागणारं संपादकांचं पत्रही हाताशी असतं. ऑलिंपिकची अधिस्वीकृती तर राष्ट्रीय ऑलिंपिक संघटनेमार्फत येते, त्यामुळे एकट्या लेखकाला ती मिळवणं जड जातं. अडतं ते जागेपाशी. क्रिकेटचा सामना असला की अ‍ॅथलेटिक्स दोन परिच्छेदांवर येतं, आणि डाक आवृत्तीचं (बाहेरगावी जाणाऱ्या, लवकर छापायच्या अंकाचं) पान सुटतं तेव्हा शेवटची शर्यत अजून व्हायची असते.

२०१६ ला रिओ ऑलिंपिकमध्ये धावपटू ललिता बाबर स्टीपलचेसमध्ये (अडथळे आणि पाण्याचे खड्डे ओलांडत धावायच्या ३,००० मीटर शर्यतीत) दहावी आली. फक्त पदकं मोजली तर ही दोन ओळींची बातमी. पण प्राथमिक फेरीत तिने ९:१९.७६ असा राष्ट्रीय विक्रम केला होता. १९८४ मधल्या पी. टी. उषानंतर ऑलिंपिकमध्ये ट्रॅकवरच्या वैयक्तिक शर्यतीची अंतिम फेरी गाठणारी ती पहिलीच भारतीय महिला होती. हे सगळं सविस्तर मांडायला मुक्त लेखनात वाव मिळतो. मात्र मानधन उशिरा येतं आणि प्रवासखर्च बहुधा पदरचा. म्हणून शब्दसंख्या, मुदत, मानधन आणि खर्च कोणाचा, हे लेख घेण्याआधीच ईमेलवर ठरवून घ्या.

निकालपत्रक नीट वाचता येणं मात्र दोन्हीकडे लागतं. १०० मीटर किंवा लांब उडीत पाठीमागून येणारा वारा सेकंदाला २.० मीटरपेक्षा जास्त असेल, तर ती कामगिरी विक्रमात धरत नाहीत. तो आकडा न पाहता मथळा दिला की दुसऱ्या दिवशी खुलासा छापावा लागतो. जिल्हा स्पर्धेत वेळ बऱ्याचदा हाताने दाबायच्या स्टॉपवॉचवर घेतात. १०० मीटरची अशी वेळ इलेक्ट्रॉनिक वेळेशी ताडताना ०.२४ सेकंद मिळवतात. म्हणजे स्टॉपवॉचवरचे ११.८ हे १२.०४ धरायचे, आणि इलेक्ट्रॉनिक ११.९० वाली मुलगी सरस ठरते.

महिला खेळाडूला लग्नाबद्दल विचारण्यात मुलाखतीची पाच मिनिटं घालवू नका. शेवटच्या फेरीची वेळ, दुखापत, सरावाला ट्रॅक सिंथेटिक मिळतो की मातीचा, हे विचारा.

नव्याने सुरुवात करणाऱ्याने आधी दोन वर्षं डेस्क करावं, असं आमचं स्पष्ट मत आहे. मुदतीत लिहिण्याचा हात तिथेच बसतो. साप्ताहिक सुट्टीला जिल्हा स्पर्धा गाठा आणि प्रत्येक धावपटूच्या वेळा तारखेनिशी वहीत उतरवा. नोकरी सोडून मुक्त लेखनाकडे वळाल तेव्हा ही वहीच तुमचं भांडवल असेल.