सरावासाठी स्टार्टिंग ब्लॉक: अ‍ॅल्युमिनियमचा घ्यावा की लोखंडी?

स्टार्टिंग ब्लॉक म्हणजे धाव सुरू करताना पाय रेटायला लागणारा आधार: मधली दांडी आणि तिच्यावर दोन तिरक्या पायपट्ट्या. मूल शंभर-दोनशे मीटर मनापासून पळू लागलं की तो अ‍ॅल्युमिनियमचा घ्यावा की लोखंडी, हे ठाण्यातले पालक मला विचारतात. मी उलट विचारते: सराव कुठे, मातीवर की सिंथेटिकवर, म्हणजे रबरासारख्या कृत्रिम ट्रॅकवर?

अ‍ॅल्युमिनियमचा ब्लॉक हलका. ठाण्याहून मरीन लाइन्सच्या सिंथेटिक ट्रॅकवर सकाळच्या लोकलने तो खांद्यावर घेऊन गेलेल्यालाच त्या हलकेपणाचं मोल कळतं. दांडीखालच्या बारीक पिना सिंथेटिकमध्ये घट्ट रुततात. मातीत मात्र त्या धरत नाहीत. माझ्या लेकीचा पहिला ब्लॉक असाच होता. 'सेट' म्हटलं, तिने जोर लावला आणि ब्लॉकच मागे सरकला. ती पालथी पडली, दोन्ही तळहात सोलले. हात आठवड्यात बरे झाले, पण पुढे कितीतरी दिवस ती मागच्या पायावर भार द्यायला बिचकायची. म्हणून मातीवर हलका ब्लॉक लावायचाच असेल, तर मागे कुणाला तरी त्यावर पाय रोवून उभं करा.

लोखंडी ब्लॉक जड, पण लांब खिळे हातोडीने ठोकले की जागचा हलत नाही. पावसाळ्यात पुसून, तेलाचा हात फिरवून ठेवला नाही तर गंजतो.

अमेरिकेचा धावपटू जेसी ओवेन्स 1936 साली बर्लिन ऑलिंपिकला ट्रॅकमध्ये पायासाठी खड्डे खणूनच धावला होता. ऑलिंपिकमध्ये ब्लॉक आले 1948 साली, लंडनला. आता अधिकृत स्पर्धेत 400 मीटरपर्यंत ब्लॉक सक्तीचे आहेत, त्यामुळे सवय हवीच. सेन्सरवाल्या ब्लॉकचा विचार घरासाठी करू नका. सुरुवातीच्या बंदुकीनंतर 0.100 सेकंदाच्या आत झालेली हालचाल, म्हणजे चुकीची सुरुवात, पकडणं हे स्पर्धेचं काम.

धातूपेक्षा मी पायपट्ट्या जास्त बारकाईने पाहते. खाचेत बसवल्यावर पट्टी डुगडुगते का? तिरकेपणा बदलता येतो का? सुरुवातीला पुढची पट्टी रेषेपासून पळणाऱ्याच्या दोन पावलांच्या लांबीवर, मागची तीन पावलांच्या लांबीवर ठेवतात, नंतर मुलाच्या अंगाप्रमाणे बदलतात. इतक्या जवळ पट्टी येत नसेल तर तो ब्लॉक लहान मुलांना निरुपयोगीच.

सराव मातीवरच होणार असेल तर दोन-तीन घरांनी मिळून लोखंडी घ्या आणि मैदानाजवळ राहणाऱ्याकडे ठेवा. आठवड्यातून एकदा तरी सिंथेटिकवर जाणार असाल तर अ‍ॅल्युमिनियमचाच, पण मधल्या दांडीला खिळ्यांसाठी भोकं आहेत ना, हे दुकानातच उलटा करून बघा.