हंबकर ‘मॉड’ करायला दिला आणि पिकअपच बदलून आला

पिकअप म्हणजे तारांचं कंपन विजेच्या सिग्नलमध्ये बदलणारा इलेक्ट्रिक गिटारचा भाग, मॅग्नेट आणि तारेची कॉइल असलेला; हंबकर हा त्यातला दोन कॉइलचा प्रकार. पिकअपमध्ये फेरफार (म्हणजे ‘मॉड’) करून टोन बदलून देणाऱ्यांत प्रामाणिक आणि हाताला हुशार माणसं भरपूर आहेत. हे त्यांच्याविषयी नाही. हे एका युक्तीविषयी आहे. ती माझ्यावर चालली, आणि नंतर ओळखीच्या गिटारवाल्यांकडे चौकशी केली तर आणखी दोघेही फसलेले निघाले. तिघांचाही कारागीर एकच. त्याचं नाव इथे देत नाही, कारण प्रकरण पोलिसांत आहे. युक्ती मात्र सविस्तर सांगतो. ती कुणालाही जमण्यासारखी आहे, म्हणजे ती करणारा तो एकटाच नसणार.

माझी गिटार, एपिफोन कंपनीची लेस पॉल, सेकंडहँड घेतलेली. आधीच्या मालकानं तिच्यात सीमोर डंकन कंपनीचे पिकअप बसवले होते, नेकला (मानेकडच्या बाजूला) ‘५९’ आणि ब्रिजला (तारा टेकतात त्या मागच्या बाजूला) ‘जेबी’. जेबी हा नावाजलेला पिकअप आहे. अल्निको ५ या मिश्रधातूचा मॅग्नेट, कॉइलवर भरपूर वेढे, आणि कंपनीनं छापलेला रेझिस्टन्स (विजेला होणारा विरोध) १६.४ किलोओहम. डिस्टॉर्शनवर तो सुरेख वाजतो, पण त्याच्या वरच्या मिड्स (मधल्या पट्टीतल्या वरच्या फ्रीक्वेन्सी) काही गिटारींमध्ये फार पुढे येतात. माझ्या गिटारीत त्या कानात टोचायच्या. आमच्या ऑर्केस्ट्रात जुनी हिंदी-मराठी गाणी असतात, तिथे हा आवाज गाणाऱ्याच्या अंगावर धावून जातो.

कारागिरानं सुचवलेले उपाय ऐकून कुणीही मान डोलावली असती, कारण त्यातला एकही खोटा नव्हता. अल्निको ५ काढून अल्निको २ घालायचा, म्हणजे आवाज जरा मऊ होतो, तारेवरचं मॅग्नेटचं ओढणंही कमी होतं. जेबीला चार वायर असतात, तेव्हा पुश-पुल पॉट (ओढता-दाबता येणारी व्हॉल्यूमची नॉब) लावून कॉइल स्प्लिट करायची, म्हणजे दोनपैकी एक कॉइल बंद करायची, की सिंगल कॉइलसारखा पातळ, स्वच्छ आवाज मिळतो. मेणात बुडवायचं, म्हणजे मोठ्या व्हॉल्यूमला पिकअप शिट्टी मारत नाही. आणि वर निकेलचं कव्हर. चारही गोष्टी जगभर होतात. मॅग्नेट बदलणं तर फार सोपं आहे: खालच्या प्लेटचे चार स्क्रू सैल करायचे, जुनी पट्टी सरकवून काढायची, नवी त्याच ध्रुवदिशेनं आत सारायची. एकूण साडेचार हजार रुपये सांगितले, त्यातले निम्मे आगाऊ.

आता मागं वळून पाहिलं की कळतं, चौथी गोष्ट ही खरी गोम होती. जेबी बहुतेक वेळा उघडाच असतो आणि त्याच्या बॉबिनवर (कॉइल ज्यावर गुंडाळतात त्या साच्यावर) कंपनीचं नाव छापलेलं असतं. एकदा कव्हर सोल्डर केलं की नाव झाकलं जातं, बॉबिन झाकले जातात, वरून दिसतात फक्त सहा स्क्रूंची डोकी. आवाज वेगळा वाटला तरी कारण तयार असतं: “दादा, कव्हरमुळे थोडा फरक पडणारच.” तेही खोटं नाही. पितळेच्या जाड कव्हरनं वरच्या फ्रीक्वेन्सी खरंच थोड्या दबतात.

गिटार घ्यायला गेलो तेव्हा पिकअप अजून बसवायचा होता. त्यानं माझ्यासमोर मल्टिमीटर लावला. १६.४. “बघा, कंपनीच्या आकड्याला आकडा.” मग समोरच सोल्डर करून बसवून दिला, छोट्या अॅम्पवर वाजवून दाखवला, मी उरलेले पैसे दिले.

हा आकडा नेमका काय सांगतो? कॉइलमधली तांब्याची तार किती लांब आणि किती बारीक आहे, एवढंच. मॅग्नेट कोणता, वेढे किती, आवाज किती मोठा, यातलं काहीही तो सरळ सांगत नाही. ४२ गेजची (गेज म्हणजे तारेच्या जाडीचा नंबर) तार सोडून ४४ गेजची बारीक तार घेतली, तर कमी वेढ्यांतही आकडा मोठा येतो. गिब्सन कंपनीच्या ज्या जुन्या ‘पीएएफ’ (‘पेटंट अप्लाइड फॉर’) हंबकर पिकअपच्या नावानं अर्धा बाजार चालतो, त्यांच्यातही हा आकडा साधारण सातपासून नऊ किलोओहमपर्यंत कुठेही सापडतो, कारण त्या काळी वेढे काटेकोर मोजून गुंडाळत नसत. गिब्सनचा अभियंता सेथ लव्हर यानं त्या पिकअपच्या पेटंटसाठी १९५५ मध्ये अर्ज केला, ते १९५९ मध्ये मिळालं, आणि ‘पेटंट अप्लाइड फॉर’चं लेबल १९६२ पर्यंत लागत राहिलं. पुढच्या लेबलांवर २,७३७,८४२ हा पेटंट क्रमांक आला. तो हंबकरचा नाहीच, गिटारवादक लेस पॉल यांच्या टेलपीसचा (तारा मागे अडकवायच्या भागाचा) आहे! पिकअपच्या तळावरच्या लेबलाला किती मानायचं हे यावरून ठरवा.

घरी आणल्यावर पहिली खटकलेली गोष्ट शिट्टीची. तालमीत अॅम्प जरा वाढवला की पिकअप किंचाळू लागला. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीनं कव्हरवर टकटक केलं, तर स्पीकरमधून टेबलावर बोट आपटल्यासारखा स्वच्छ आवाज. मेणात नीट बुडवलेला पिकअप इतका बोलका नसतो. कारागिरानं मेणाचं काम खाल्लं म्हणून चिडलो, पण पिकअपच आपला नाही अशी शंका तेव्हाही आली नव्हती.

ती आली पुश-पुल वर ओढल्यावर. जॅकमध्ये केबल घातली, दुसऱ्या टोकाला मल्टिमीटर लावला, स्विच ब्रिजवर आणि व्हॉल्यूम पूर्ण उघडा. दोन्ही कॉइल चालू असताना आकडा सोळाच्या किंचित खाली. हे ठीक आहे, ५०० किलोओहमचा पॉट समांतर असतो म्हणून जॅकवर आकडा थोडा कमीच दिसतो. स्प्लिट केल्यावर एक कॉइल बाद होते, तेव्हा आकडा जवळपास निम्म्यावर, आठच्या आसपास यायला हवा. माझा आला बाराच्या घरात. दोन कॉइलपैकी एक काढली आणि फक्त चार कमी झाले, म्हणजे दोन्ही कॉइल मिळून आठच. मग उरलेले आठ कुठून येत होते?

पिकअपभोवतीच्या रिंगचे चार स्क्रू सोडवून पिकअप उलटा केला. तळाची प्लेट कोरी, कसलाही छाप नाही. कव्हर काढलं, काळी टेप उलगडली, आणि हॉट (सिग्नल नेणाऱ्या) वायरच्या वाटेत मटारच्या दाण्याएवढा रेझिस्टर जोडलेला सापडला. पट्ट्या करड्या, तांबड्या, तांबड्या, सोनेरी. म्हणजे ८.२ किलोओहम. आत साधा स्वस्तातला ८ किलोओहमचा हंबकर, वर माझ्या पैशानं घेतलेलं निकेलचं कव्हर, आणि मीटरला फसवण्यापुरता हा रेझिस्टर. पुढे ५०० किलोओहमचा पॉट असल्यामुळे या रेझिस्टरनं आवाजात कानाला कळेल असा फरक पडत नाही, तो फक्त आकडा वाढवतो. माणूस काम जाणणारा आहे याबद्दल वाद नाही.

मॅग्नेट? काळा, सिरॅमिकचा. अल्निको २ चं नावही नाही. हे ओळखायला प्रयोगशाळा लागत नाही. अल्निको धातू आहे, अॅल्युमिनिअम-निकेल-कोबाल्टचा, करडा दिसतो, आणि त्याच्या दोन टोकांना मल्टिमीटर लावला की बीप वाजते. सिरॅमिक काळं असतं आणि वीज वाहू देत नाही, मीटर गप्प. अल्निको २ की ५ हे मात्र डोळ्यांनी किंवा बीपनं कळत नाही, तिथे माणसावर विश्वास ठेवण्यावाचून इलाज नसतो.

आधी गेलो होतो तेव्हा त्यानं तारेचं रीळही दाखवलं होतं, “ओरिजिनल ४२ गेज, पीएएफची तार.” नेकचा पिकअप पुन्हा गुंडाळून देण्याची तयारीही दाखवली होती. सुदैवानं ते काम मी त्याला दिलं नाही. ज्यांना कुणी असं रीळ दाखवेल त्यांच्यासाठी सांगतो: पिकअपचं ४२ गेज हे अमेरिकन मापाचं, तार ०.०६३ मिलिमीटर. आपल्याकडे मोटार वाइंडिंगच्या दुकानांत चालतं ते एसडब्ल्यूजी हे ब्रिटिश माप, त्यातलं ४२ म्हणजे ०.१ मिलिमीटर. एवढ्या जाड तारेचे पाच हजार वेढे हंबकरच्या बॉबिनवर मावतच नाहीत, निम्मेसुद्धा मुश्किलीनं बसतील. एसडब्ल्यूजीमध्ये जवळची तार ४६ नंबरची. त्याच्या रिळावर काय छापलं होतं ते मी पाहिलं नव्हतं, पण जाडी आठवते, आणि ती केसासारखी नक्कीच नव्हती.

फोन केला तेव्हा पहिलं वाक्य आलं, “दादा, आकडे काय बघता, टोन बघा ना.” ज्यानं आकडा दाखवून पैसे घेतले त्याच्या तोंडून हे ऐकणं मजेशीर होतं. मग म्हणाला, जुना मॅग्नेट मेला होता. मग म्हणाला, पोराच्या हातून पिकअप बदलला गेला असेल, बघतो. मी उघडलेल्या पिकअपचे आणि रेझिस्टरचे फोटो पाठवले, तसे उरलेल्या कामाचे दोन हजार परत आले. जेबी आला नाही. पुढे त्यानं फोन घेणंच बंद केलं.

पोलीस चौकीत समजावून सांगणं हे वेगळंच प्रकरण. हवालदारसाहेबांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, “पण गिटार तर परत दिलीय ना?” त्यांना दोष देत नाही. गिटारच्या पोटातला एक डबा बदलला ही तक्रार कुणालाही पटकन उमजणार नाही. कामाला आले ते कागद: आगाऊ पैशांची यूपीआय नोंद, त्याचा ‘जेबी मिळाला, काम सुरू करतो’ हा मेसेज, आणि आधीच्या मालकानं विकताना पाठवलेला पिकअपचा फोटो, ज्यात बॉबिनवरचं नाव स्पष्ट वाचता येतं. विश्वासानं सोपवलेली वस्तू लाटणं हे भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१६ मध्ये येतं आणि फसवणूक ३१८ मध्ये, हे एका वकील मित्रानं अर्जात नीट मांडून दिलं, तेव्हा अर्ज घेतला गेला. ग्राहक म्हणून तक्रार करायची असेल तर १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे, तिथेही नोंद केली आहे.

बाकी दोघांपैकी एकाचा पिकअप असाच कव्हरखाली बदललेला निघाला. दुसऱ्याचा पिकअप खरा होता, फक्त मॅग्नेट बदललाच नव्हता. खालचे स्क्रू हललेलेसुद्धा दिसत नव्हते, मेणाचा जुना थर त्यांच्यावर तसाच होता.

पिकअप काढून कुणाच्या हातात देणार असाल तर आधी उलटा करून तळाचा, बॉबिनचा आणि वायरच्या रंगांचा फोटो काढा. दोन्ही कॉइलचा आकडा वेगवेगळा मोजून लिहून ठेवा, आणि त्या वेळी खोली किती तापलेली होती तेही, कारण तांब्याचा रेझिस्टन्स दर अंश सेल्सिअसला साधारण ०.४ टक्क्यानं वाढतो. वीस अंशाला १६.४ दाखवणारी कॉइल पुण्यात एप्रिलच्या दुपारी साडेसतराच्या आसपास दाखवेल. भर उन्हाळ्यात बरोबर १६.४ दिसणं हीच खरं तर शंकेची गोष्ट होती. काढलेला मॅग्नेट परत मागा. प्रामाणिक कारागीर तो पिशवीत घालून स्वतःहून देतो. पहिल्या आणि सहाव्या स्क्रूमधलं अंतरही मोजा. जेबीमध्ये ते ४९ मिलिमीटरच्या आसपास असतं, माझ्या बदललेल्या पिकअपमध्ये ते ५२ निघालं, आणि ते कव्हरवरूनही मोजता आलं असतं. कव्हर लावायचंच असेल तर सोल्डर होताना समोर बसा.

अर्जाचा निकाल लागलेला नाही. ज्यांनी गेल्या वर्षभरात अशाच ‘अल्निको २ प्लस कव्हर’ कामासाठी पिकअप दिला असेल, त्यांनी स्प्लिट करून एकदा जॅकवर मीटर लावून बघा. आकडा निम्म्याच्या आसपास आला नाही, तर रिंगचे स्क्रू सोडवायच्या आधी फोटो काढा आणि मला कळवा, अर्जाला तुमचं नाव जोडता येईल.