‘तोकोरो’ लावायचं की ‘बाकारी’?

मराठीत ‘नुकताच’ एकटा सगळा भार वाहतो. नुकताच जेवलो म्हणजे धुतलेले हात अजून वाळले नाहीत, आणि नुकतंच लग्न झालं म्हणजे तीन महिने उलटले असले तरी चालतं. जपानी शिकताना नेमकं इथेच अडतं, कारण क्रियापदाच्या ‘ता’ रूपापुढे (म्हणजे भूतकाळी रूपापुढे) लावायला तिथे दोन शब्द आहेत: ‘तोकोरो’ आणि ‘बाकारी’.

तोकोरोचा मूळ अर्थ जागा. काम कुठवर आलंय, तिथे तो बोट ठेवतो. ‘ताबेरु तोकोरो’ म्हणजे जेवायला बसतच होतो, ‘ताबेते इरु तोकोरो’ म्हणजे जेवण चाललंय, ‘ताबेता तोकोरो’ म्हणजे हा आत्ता जेवून उठलो. फोनवर कोणी ‘कुठे आहेस?’ विचारलं, की ‘इमा, एकी नी त्सुइता तोकोरो देसु’ (आत्ताच स्टेशनवर पोहोचलोय) हे उत्तर चपखल बसतं. पण महिन्यापूर्वी जपानला आलेल्याने ‘सेंगेत्सु किता तोकोरो’ म्हटलं, तर ते कानाला खटकतं. तिथे ‘सेंगेत्सु किता बाकारी’च हवं.

बाकारी घड्याळ बघत नाही. बोलणाऱ्याला ‘फार दिवस कुठे झाले?’ असं वाटलं की झालं. त्यामुळे कुरकुर करायला हाच उपयोगी: ‘कात्ता बाकारी नानोनी, मोउ कोवारेता’, घेऊन चार दिवस झाले नाहीत तोच मोडलं! शिवाय ‘नो’ जोडला की तो नामाआधीही बसतो: ‘कात्ता बाकारी नो कामेरा’, नुकताच घेतलेला कॅमेरा. या अर्थाने तोकोरोला ते जमत नाही.

माझं मत विचाराल तर शंका आली की बाकारी वापरा. तो आत्ताच्या क्षणालाही चालतो. फक्त जीभ सांभाळा. ‘ताबेता’चं ‘ताबेते’ झालं, की ‘ताबेते बाकारी इरु’ म्हणजे नुसता खातच असतो!

‘ताते’ हा तिसरा भाऊ मुख्यतः ताजेपणासाठी. बेकरीत ‘याकीताते नो पान’ म्हणजे भट्टीतून नुकताच काढलेला पाव (हा ‘पान’ आणि आपला ‘पाव’ दोन्ही पोर्तुगीजांकडूनच आले). बाकावर ‘पेंकी नुरीताते’ अशी पाटी दिसली, तर बसू नका, रंग ओला आहे. मात्र ‘ताते’ मोजक्याच क्रियापदांना लागतो. जेवून उठल्यावर ‘ताबेताते’ म्हणाल, तर तसा शब्दच नाही.