ड्रो घेताय? आधी उन्हाचं बघा

गेल्या पावसाळ्यात ड्रो पात्र घेतलं, आता जुन्या नाशकात रहाडी, म्हणजे रंगपंचमीचे हौद, उघडायची वेळ आली. एवढे महिने शनिवारच्या शनिवार इंदिरानगरच्या एका फ्लॅटमध्ये तेच पात्र चालवलंय, त्यामुळे आता बोलायला हरकत नाही. निकाल आधीच सांगते. ड्रोंची घराणी आणि त्यांचं आपसातलं राजकारण हा डंजन्स अँड ड्रॅगन्स या टेबलाभोवती बसून, पात्र होऊन खेळायच्या खेळातला सगळ्यात रंगणारा भाग आहे. नियम ठीकठाक आहेत. आणि 'हा वंशच दुष्ट' अशी जी पाटी लावून हे लोक येतात, ती आमच्या टेबलावर दिवाळीच्या पुढे काही टिकली नाही.

ज्यांना गंधच नाही त्यांच्यासाठी: ड्रो म्हणजे जमिनीखाली, अंडरडार्क नावाच्या गुहा-भुयारांच्या जगात राहणारे एल्फ, म्हणजे परीकथेतली टोकदार कानांची जमात. काळी किंवा करडी-जांभळट कातडी, पांढरे केस, लोल्थ नावाच्या कोळी-राणीची भक्ती, बायकांचं राज्य आणि गुलामांचा बाजार. या खेळाच्या जनकांपैकी एक असलेल्या गॅरी गायगॅक्सने १९७७ मध्ये त्यांचा नुसता ओझरता उल्लेख केला होता. १९७८ च्या साहसांमध्ये खेळाडू जायंट लोकांना कोण चिथवतंय ते शोधत खाली उतरतात, तेव्हा तिथे हे बसलेले सापडतात. त्या काळात त्यांच्यावर टाकलेली निम्मी जादू वायाच जायची, वर पातळी वाढेल तशी प्रत्येकी दोन टक्क्यांची भर. असा हा मुळात खलनायकांचा माल. खेळाडूंच्या हाती तो अधिकृतपणे आला १९८५ मध्ये. मग १९८८ मध्ये आर. ए. साल्व्हाटोरेच्या कादंबरीतून ड्रिझ्ट आला आणि तेव्हापासून जगातल्या प्रत्येक टेबलावर घर सोडलेला, मनाचा चांगला, दोन तलवारी फिरवणारा एक ड्रो असतोच. आमचा डीएम (डंजन मास्टर, खेळ चालवणारा) म्हणजे माझा मावसभाऊ, टेबलावर सगळ्यांचा दादा. त्याने पहिल्याच दिवशी बजावलं, "दोन तलवारी मिळणार नाहीत, आणि 'मला कोणी समजून घेत नाही' हे रडगाणंही नको."

मी 'रोग' (rogue) घेतला, म्हणजे चोरपावलांनी जाऊन मर्मावर वार करणारा. पुरुष पात्र, कारण ड्रो समाजात पुरुषाला किंमत नाही आणि मला ते जरा उलट्या बाजूने बघायचं होतं. नियम २०१४ च्या पुस्तकाचे.

कागदावर जोडी झकास दिसते. चपळाईच्या गुणात दोनची भर, करिष्म्याच्या गुणात एकची. अंधारात १२० फुटांपर्यंत नजर, बाकी एल्फांच्या दुप्पट. झोपेच्या जागी चार तासांचं ध्यान, त्यामुळे रात्रीचा पहारा आपोआप माझ्याकडे. मोहजादूविरुद्ध फायदा. रेपियर, शॉर्टस्वोर्ड आणि हातातला छोटा क्रॉसबो वापरायचं शिक्षण फुकट, पण ही तिन्ही हत्यारं रोगला तशीही येतातच. म्हणजे ती ओळ माझ्यासाठी कोरीच. जादूगार किंवा वॉरलॉक (करार करून जादू मिळवणारा) घेणाऱ्याला मात्र ती उपयोगी पडेल.

आता उन्हाचं. नियम असा आहे की तुम्ही, तुमचं लक्ष्य किंवा जे बघायचंय ते, यांपैकी काहीही थेट उन्हात असेल तर वार करताना आणि नजरेने काही टिपताना डिसॲडव्हांटेज. दोन डाइस टाका, लहान आकडा धरा. बऱ्याच जणांना वाटतं सावलीत उभं राहिलं की सुटलो. नाही सुटत. समोरचा उन्हात असेल तरी तेच. आणि रोगसाठी खरी मेख पुढे आहे: डिसॲडव्हांटेज असेल तर स्नीक अटॅक, म्हणजे मर्मावरचा तो जादा वार, बसतच नाही. ज्या एका गोष्टीसाठी हे पात्र घ्यायचं, तीच भर दुपारी बंद. दादाने पहिली मोठी मारामारी ठेवली ती नदीच्या घाटावर, दुपारी बारा वाजता. आमच्यातल्या बुटक्या क्लेरिकने, म्हणजे देवाच्या जोरावर लढणाऱ्याने, हातोड्याने तिघांना लोळवलं, आणि मी सबंध वेळ घाटाच्या पायऱ्यांवर डोळे किलकिले करून हवेत वार करत होते. ढग आले तर नियम लागत नाही हे मी दादाला दरवेळी ऐकवते. पण तो नाशिकचा माणूस, त्याच्या जगात बारा महिने वैशाख.

यावर उपाय आहे, पण तो तिसऱ्या पातळीला मिळतो. फेअरी फायर ही जादू ड्रोला तेव्हा येते, दोन लांब विश्रांत्यांच्या मधे एकदा. वीस फुटी घनातले, सेव्ह (बचावाचा डाइस) हुकलेले शत्रू निळ्या, हिरव्या किंवा जांभळ्या उजेडाने उजळून निघतात आणि त्यांच्यावर सगळ्यांनाच ॲडव्हांटेज, म्हणजे दोन डाइस, मोठा आकडा. ते ॲडव्हांटेज उन्हाच्या डिसॲडव्हांटेजला छेद देतं, वार साधा होतो, आणि शत्रूला खेटून आपला कोणी उभा असेल तर स्नीक अटॅक परत चालू. आमचा क्लेरिक कोणाला तरी खेटलेलाच असतो, त्यामुळे काम भागतं. ही आकडेमोड आम्हाला पक्की बसायला बरेच शनिवार गेले. नवीन घेणाऱ्याने ती पहिल्याच दिवशी पात्राच्या कागदामागे लिहून ठेवावी.

पाचव्या पातळीला डार्कनेस येतं, आणि इथे सगळे फसतात. पंधरा फूट त्रिज्येचा जादुई अंधार. नाव ऐकून वाटतं की हा तर आपल्या घरचाच. पण अंधारातली नजर या अंधाराला भेदत नाही, म्हणजे आपणच पाडलेल्या काळोखात आपणही चाचपडायचं. पळून जायला उत्तम, लढायला बेकार. आमच्या टेबलावर एक कॉलेजची मुलगी आहे, तिचं पात्र रेंजर, म्हणजे रानावनातली तिरंदाज, आणि वंशाने साधा माणूस, अंधारात न दिसणारा. दोनदा तिच्या धनुष्यापुढे मी हा अंधार टाकला तेव्हा ती शांतपणे म्हणाली, "ताई, पुढच्या वेळी सांगून टाक, मी तोवर चहा ठेवते." याचा खरा लाभ हवा असेल तर वॉरलॉक घ्या आणि जादुई अंधारातही बघणारी डेव्हिल्स साइट घ्या. मग मात्र ड्रोला तोड नाही.

विषाबद्दल थोडक्यात. शत्रू म्हणून येणारा साधा ड्रो दादाकडून येतो तेव्हा त्याचे बाण विषात बुडवलेलेच असतात. लागला आणि १३ चा सेव्ह हुकला तर तासभर विषबाधा, पाच किंवा जास्तने हुकला तर माणूस आडवा. खेळाडूचा ड्रो मात्र हेच विष २०० सोन्याच्या नाण्यांना एक मात्रा या भावाने घेणार. सुरुवातीला एवढे पैसे कोणाकडे असतात? बनवायचं म्हटलं तर ते उन्हापासून लांब, खोल जागीच बनतं. तेव्हा त्या आशेवर ड्रो घेऊ नका.

इथपर्यंत वाचून कोणी म्हणेल, मग घेतलाच कशाला? तर घराण्यांसाठी.

मेन्झोबेरान्झान हे ड्रोंचं सगळ्यात गाजलेलं शहर. त्याच्यावर आठ घराण्यांची सभा, आणि पहिल्या क्रमांकाला बेनरे. प्रत्येक घराण्याची प्रमुख ही मॅट्रन मदर. वर चढायचा मार्ग म्हणजे वरच्या घराण्याला रातोरात संपवणं, आणि तिथला कायदा त्याला आडवा येत नाही, फक्त काम अर्धवट नको. हल्ल्यातून त्या घराण्याचा एक जरी सरदार वाचला आणि त्याने सभेपुढे बोट दाखवलं, तर हल्ला करणारं घराणंच पुसलं जातं. कोणी वाचला नाही तर असं काही घडलंच नाही. सगळ्या शहराला माहीत असतं आणि कोणी बोलत नाही. आणि घरात तिसरा मुलगा जन्मला तर तो लोल्थला बळी द्यायचा.

बांधावरून तीन पिढ्या कोर्टात गेलेली माणसं आपल्या सगळ्यांच्या नात्यात आहेत, त्यामुळे आमच्या टेबलाला हे समजवावं लागलं नाही. दादाने माझ्या पात्राची मॅट्रन मदर रंगवली ती थेट लग्नघरातल्या आत्याबाईसारखी. हातात काल्पनिक अडकित्ता, नजर सुपारीवर, आवाज एकदम गोड. "ये रे बाळा. जेवलास का? तुझ्या मामेबहिणीकडे परवा कोण कोण आलं होतं, जरा आठवून सांग. घाई नाही." मी काहीतरी थातुरमातुर सांगितलं. तो अडकित्ता वाजला, म्हणजे दादाने जीभ टाळ्याला लावून वाजवला, आणि "असं होय" एवढंच म्हणाला. टेबलावर कोणी वेफर्सच्या पुडीलाही हात लावला नाही. त्या रात्री एकही डाइस पडला नाही आणि तरी एवढ्या महिन्यांतली सगळ्यात चांगली बैठक तीच. डोळ्यांत रक्त उतरलेला खलनायक कोणीही उभा करतो. जेवलास का विचारणाऱ्या बाईची भीती बसायला घराणं लागतं.

पात्रांच्या नावांचा प्रश्नही इथेच सुटला, तोही फार लांब न जाता. पांडवलेण्यात तीन नंबरच्या लेण्यात गौतमी बलश्रीचा लेख आहे, सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीची ती आई. मुलगा आईच्या नावाने ओळखला जातो, नातूही वासिष्ठीपुत्र पुळुमावी. यावरून सातवाहनांकडे बायकांचं राज्य होतं असं होत नाही, ते बापाकडूनच मुलाकडे जात होतं. पण ड्रोंसाठी पद्धत तयारच मिळाली. आमच्या खेळात पुरुष ड्रोला स्वतःचं नाव फक्त घरात, बाहेर तो अमकीचा पुत्र. एका रविवारी आम्ही सगळे तिथे चढून गेलो होतो. आतल्या काळोखात दोन-चार मिनिटं डोळे बसले की भिंतीवरची अक्षरं हळूहळू दिसायला लागतात. मग बाहेर व्हरांड्यात आलो तर समोर सगळं पांढरंफटक. दादाने माझ्याकडे बघून दोन बोटं दाखवली. दोन डाइस, लहान आकडा.

राहता राहिला दुष्टपणा. मूळ कल्पना अशी की लोल्थने एल्फांच्या देवाशी दगा केला, तिच्यामागे गेलेले खाली ढकलले गेले, आणि त्यांचा काळा रंग ही त्या पापाची खूण. हे आपल्याकडे बसत नाही. मी रंगवलेली ड्रोची इंचभराची मूर्ती टीव्हीजवळ वाळत ठेवली होती. आईने उचलून चष्म्याशी धरली आणि म्हणाली, "रंग छान सावळा जमलाय, डोळे कशाला तांबडे केलेस?" पंचवटीत काळ्या रामापुढे हात जोडत आयुष्य गेलेल्या बाईला काळ्या रंगात पाप दिसणार कुठून? आणि दिवाळीच्या पाडव्यानंतरच्या शनिवारी क्लेरिकवाला दादाला सरळ म्हणाला, "देवांनी खाली घातला म्हणजे वाईटच कशावरून? आत्ता चार दिवसांपूर्वी 'इडा पिडा टळो, बळीचं राज्य येवो' म्हटलंय आपण." दादाकडे उत्तर नव्हतं. पुढच्या बैठकीपासून लोल्थच्या पुजारणी तशाच विखारी राहिल्या, पण खालच्या शहरात अळंबीची शेती करणारे, भिंतीवर चढणाऱ्या सरड्यांना खरारा करणारे, सूत कातणारे ड्रो दिसायला लागले. त्यांना घराण्यांच्या भांडणाशी देणंघेणं नाही, फक्त कर कोणाला द्यायचा तेवढं कळलं की झालं. खेळ तिथून सुधारला. कारण सगळेच दुष्ट असतील तर कोणाला फितवणार, कोणाला वाचवणार?

आपण फार काही जगावेगळं केलं असंही नाही. इलिस्ट्री नावाची नाचणारी, चांदण्यातली, भल्या ड्रोंची देवी जुन्या साहित्यात आधीपासून आहे. २०२० मध्ये गेमच्या कंपनीनेच जाहीर केलं की ऑर्क आणि ड्रो यांना इतरांसारखंच बऱ्यावाईटाचं मिश्रण म्हणून दाखवू. पाथफाइंडर या दुसऱ्या गेमने तर २०२३ मध्ये डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या परवान्याच्या भानगडीनंतर ड्रो काढूनच टाकले. आणि बाल्डर्स गेट ३ खेळून इकडे येणाऱ्यांना त्यातली ड्रो मिन्थारा आठवून ड्रो हवा असतो. त्यांच्यासाठी एक इशारा: त्या व्हिडिओगेममध्ये उन्हाचा नियम नाही. टेबलावर २०१४ चं पुस्तक असेल तर आहे.

२०२४ च्या नव्या पुस्तकातून मात्र तो गेला. १२० फुटांची नजर, तिसरीला फेअरी फायर, पाचवीला डार्कनेस हे सगळं ठेवलंय, वर तीच जादू आता स्वतःचे स्पेल-स्लॉट (जादू टाकायच्या ठरावीक खेपा) असतील तर पुन्हा वापरता येते. या जादूला बुद्धी, शहाणपण, करिष्मा यांतला कोणता गुण लावायचा तेही तुम्हीच ठरवा. सोय म्हणून उत्तम. तरी आम्ही जुनाच नियम चालू ठेवलाय, आणि त्याची मागणी मीच केली. घाटावर हवेत वार करताना चिडचिड झाली होती हे खरं, पण त्या उन्हामुळेच आमची टोळी रात्री प्रवास करते, रेंजरला कंदील धरावा लागतो, कंदिलामुळे आम्ही लांबून दिसतो, आणि निम्म्या भानगडी तिथूनच निघतात. ते काढलं तर उरतो पांढऱ्या केसांचा एल्फ.

घ्यायचा असेल तर आधी डीएमला विचारा की मोहीम जमिनीवर आहे की खाली. खाली असेल तर डोळे झाकून घ्या. जमिनीवर असेल तर नवीन पुस्तकातला घ्या, नाहीतर उन्हाची तयारी ठेवा. आणि डीएम नुसतं "बघू" म्हणाला, तर जुन्या नियमांत ड्रो रक्ताचा हाफ-एल्फ मिळतो. त्याला ड्रोंची जादू येते आणि ऊन लागत नाही. मात्र आत्याबाई त्याला घरात घेणार नाही.