प्लॉट घेताय? आधी मंजूर नकाशातला रस्ता मोजा

जळगाव, भुसावळ, धुळे, अमळनेर, चाळीसगाव, कुठल्याही गावाच्या बाहेर पडा. काल-परवापर्यंत जिथे कपाशी होती, तिथे आज सिमेंटचे खांब, मुरूम आणि वसाहतीच्या नावाची कमान उभी दिसते. यातल्या कितीतरी वसाहती रीतसर मंजूर आहेत आणि लोक तिथे सुखाने राहतात. आमच्या वाट्याला आली ती तशी नव्हती. तिथे आम्हाला फसवलं गेलं ते रस्त्याच्या आणि खुल्या जागेच्या नकाशात, म्हणजे जिथे विकत घेणारा सहसा बघत नाही तिथे. खान्देशात अजूनही याच पद्धतीने प्लॉट विकले जात आहेत, म्हणून सविस्तर लिहितो आहे.

आप्पा, म्हणजे माझे वडील, एसटीतून निवृत्त झाले आणि त्यांनी निवृत्तीचे पैसे जळगावच्या हद्दीलगतच्या एका शिवारात प्लॉट घ्यायला काढले. दलाल ओळखीतलाच. घरी येऊन आईला ‘जिजी’ म्हणायचा, आमच्यासारखाच. बुकिंग आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, मुहूर्तावर ठेवलं होतं. आपल्याकडे आखाजीला शुभकाम करायची रीत आहे, आणि ती ह्या लोकांना आपल्याहून चांगली माहीत असते. पण मुहूर्ताखेरीज दुसरंही एक कारण आहे. वैशाखात काळी माती वाळून टणक झालेली असते. तिच्यावर पातळ मुरूम पसरला की कुठलीही वाट रस्ता वाटते. पाणी कुठे साचतं, उतार कुठे आहे, चाक कुठे रुततं, हे मृगापर्यंत कळत नाही.

आप्पांचं लहानपण धुळ्याच्या जुन्या गल्ल्यांत गेलं. 1819 मध्ये कॅप्टन ब्रिग्जने खान्देशचं मुख्यालय धुळ्याला आणलं आणि नवं गाव वसवलं. आजही त्या भागात लोक पत्ता गल्ली नंबरने सांगतात. सरळ गल्ल्यांची सवय असलेल्या आप्पांनी जागेवर गेल्यावर पहिला प्रश्न विचारला तो हाच: “रस्ता किती फुटी?” उत्तर मिळालं, “तीस फुटी, आप्पा. टेप लावा.” टेप लावला. चुन्याच्या फक्कीच्या दोन रेषांमध्ये तीस फूट भरले. हातातल्या रंगीत नकाशावरही प्रत्येक गल्लीवर ‘9 मी. रुंद रस्ता’ असं छापलेलं होतं, मधोमध हिरवी बाग होती, आणि आमचा प्लॉट बागेसमोर होता.

त्या रंगीत नकाशावर कुणाची सही नव्हती, शिक्का नव्हता, मंजुरीचा क्रमांक नव्हता. तो छापखान्यातला कागद होता.

आता आधी नियम काय आहे ते सांगतो, कारण तो कळल्याशिवाय चोरी कुठे झाली ते दिसत नाही. मुंबई आणि काही मोजके भाग सोडले तर राज्यात डिसेंबर 2020 पासून एकत्रिकृत विकास नियंत्रण आणि प्रोत्साहन नियमावली लागू आहे. तिच्यात निवासी लेआउटच्या, म्हणजे जमिनीवर प्लॉट-रस्ते पाडलेल्या आराखड्याच्या, आतल्या रस्त्याची रुंदी त्याच्या लांबीवर ठरते. रस्ता 150 मीटरपर्यंत लांब असेल तर 9 मीटर, 150 ते 300 मीटर असेल तर 12 मीटर, त्याहून लांब असेल तर 15 मीटर. म्हणजे सगळ्या वसाहतीला सरसकट ‘तीस फुटी’ सांगणं हेच मुळात संशयास्पद आहे. सरळ चारशे मीटर जाणारा रस्ता नऊ मीटरचा दाखवला असेल तर तो नकाशा मंजूर असणं अवघड. जमीन 4000 चौरस मीटर किंवा त्याहून जास्त असेल तर 10 टक्के जागा खुली सोडावी लागते, आणि ती सगळ्या प्लॉटधारकांची असते. ती विकता येत नाही. जिथे दोन रस्ते मिळतात तिथला कोपरा गोलाईत सोडावा लागतो, वळणारी गाडी समोरच्याला दिसावी म्हणून.

हे नियम कुणाच्या हौसेसाठी केलेले नाहीत. दोन्ही बाजूंना गाड्या लावल्यावर मधून अग्निशमनाचा बंब गेला पाहिजे. गटार, नळाची लाईन, विजेचे खांब सगळं त्याच रुंदीत बसवायचं असतं. घर बांधताना किती मजले चढवता येतील तेही रस्त्यावर अवलंबून आहे. 9 मीटरपेक्षा अरुंद रस्त्यावर मूळ 1.10 एफएसआय (प्लॉटच्या क्षेत्राच्या किती पट बांधता येतं ते प्रमाण) मिळतो, पैसे भरून घ्यायचा प्रीमियम एफएसआय मिळत नाही. उद्या मुलासाठी वरचा मजला काढायचा असेल तर अडचण आजच्या रस्त्यात आहे.

मग रस्ता चोरण्यात विकणाऱ्याचा फायदा काय? हिशेब साधा आहे. 150 मीटर लांबीचा रस्ता 9 ऐवजी 6 मीटरचा केला की 450 चौरस मीटर जमीन सुटते. म्हणजे जवळपास साडेचार गुंठे, दीडशे चौरस मीटरचे तीन प्लॉट. अशा चार गल्ल्या असल्या तर बारा प्लॉट. दोन हेक्टरच्या जमिनीत खुली जागा 2000 चौरस मीटर सोडावी लागते, तीही गिळली की आणखी तेरा. पंचवीस प्लॉटांची रक्कम ही अशी हवेतून निर्माण होते, आणि ती भरतो शिक्षक, कंडक्टर, रेल्वेचा कामगार, केळी विकून आलेला शेतकरी.

आमच्या प्रकरणात जमिनीला मंजुरी अजिबात नव्हती असं नाही, आणि खरी मेख तिथेच आहे. गटाला तात्पुरती मंजुरी, ज्याला दलाल ‘टेंटेटिव्ह’ म्हणतात, ती मिळालेली होती. त्या आदेशाची पहिल्या पानाची झेरॉक्स सगळ्यांना दाखवली जायची, सही-शिक्क्यासकट. नकाशा मात्र दाखवला जायचा तो रंगीत. आदेश एका लेआउटचा, विक्री दुसऱ्याच लेआउटची. तात्पुरत्या मंजुरीनंतर मालकाने जागेवर रस्ते, गटारं, खुली जागा आखायची, भूमी अभिलेखकडून मोजणी करून घ्यायची, मग अंतिम मंजुरी मिळते आणि प्रत्येक प्लॉटचा सातबारा वेगळा होतो. ह्या मधल्या काळातच आमच्या नावे खरेदीखत करून देण्यात आलं. त्यात लिहिलं होतं: गट नंबर अमुक, पैकी नियोजित प्लॉट नंबर तमुक, क्षेत्र 150 चौरस मीटर, चतुःसीमा पूर्वेस रस्ता. रस्ता किती मीटरचा, ते कुठेच नाही. ‘पैकी’, ‘नियोजित’ आणि रुंदी न लिहिलेला ‘रस्ता’, हे तीन शब्द खरेदीखतात एकत्र दिसले तर सही करू नका.

दस्त नोंदवला गेला म्हणजे व्यवहार तपासला गेला, असं आपल्याकडे सर्रास मानतात. दुय्यम निबंधक मुद्रांक आणि नोंदणी बघतो. तुमच्या प्लॉटसमोर रस्ता आहे का, हे तो बघत नाही.

पहिला धक्का पावसाळ्यात बसला. कमानीपासून आत येणारी वाट शेजारच्या शेतकऱ्याच्या वावरातून होती. पेरणीआधी त्याने तिच्यावर नांगर फिरवला. आप्पांनी विचारलं तेव्हा तो शांतपणे म्हणाला, “भाऊ, आठे रस्ता व्हताच नही. हाई मन्हं वावर शे.” त्याचं बरोबर होतं. त्याने कुणाला रस्ता दिलाच नव्हता. विकणाऱ्याने त्याच्याकडून उन्हाळ्यापुरती ये-जा करायची तोंडी परवानगी घेतली होती. मंजूर नकाशात लेआउटचा रस्ता पलीकडच्या बाजूने होता, आणि त्या बाजूला प्लॉट पाडून विकून झाले होते.

आमची गल्ली पुढे बंद होती. बंद गल्लीबद्दल राष्ट्रीय बांधकाम संहितेत फार शहाणपणाची तरतूद आहे: गल्लीचं बंद टोक मुख्य रस्त्यापेक्षा उंच असलं पाहिजे, आणि तिथे गाडी वळवायला किमान 81 चौरस मीटर जागा हवी, कुठलीही बाजू 9 मीटरपेक्षा कमी नसलेली. आमच्या टोकाला वळायची जागा सोडलेलीच नव्हती, तिथेही प्लॉट पाडला होता. आणि टोक खोल होतं. सगळ्या वसाहतीचं पाणी येऊन तिथे थांबलं. काळ्या मातीत पाणी थांबलं की काय होतं ते खान्देशात कुणाला सांगायला नको. ज्यांनी घाई करून घराचा पाया भरला होता त्यांच्याकडे वाळूचा ट्रॅक्टरही पोचेना.

दुसरा धक्का तलाठी कार्यालयात. फेरफार नामंजूर. कारण लिहिलेलं होतं: अंतिम लेआउट मंजूर नाही, सदर क्षेत्र तुकड्यात येते. तुकडेबंदीचा कायदा 1947 चा आहे. 2023 मध्ये प्रमाणभूत क्षेत्र, म्हणजे ज्याहून लहान तुकडा पाडता येत नाही ते, जिरायतीला 20 गुंठे आणि बागायतीला 10 गुंठे ठरवलं गेलं. दीड गुंठ्याचा आमचा ‘पैकी’ त्यात कुठे बसणार? ह्या कायद्यात अलीकडे सवलती आल्या आहेत, त्याच सांगून दलाल आता म्हणतात की सगळं नियमित होईल. जमिनीचा तुकडा नियमित झाला तरी समोर रस्ता आपोआप उगवत नाही, हे त्यांना सांगा.

तेव्हा माहितीच्या अधिकारात अर्ज केला. दहा रुपये फी. तात्पुरत्या मंजुरीच्या नकाशाची साक्षांकित प्रत मागितली, मापांसकट. ती हातात आल्यावर रंगीत नकाशा शेजारी ठेवला. आमचा प्लॉट जिथे होता तिथे मंजूर नकाशात खुली जागा होती. आम्हाला विकलेली जमीन सगळ्या वसाहतीची होती. समोरचा नऊ मीटरचा रस्ता जागेवर मोजला तर साडेपाच मीटर भरला. फक्कीच्या रेषा पहिल्याच पावसात गेल्या होत्या आणि नंतर दगड रोवले गेले होते ते आत सरकवून.

जिजी त्या दिवशी जेवली नाही. आप्पांनी दोन्ही नकाशे घडी करून पिशवीत घातले आणि दुसऱ्या दिवशी इतर प्लॉटधारकांच्या घरी निघाले. पैसे बुडाले ह्याहून त्यांना जास्त लागलं ते हे की त्यांनी योग्य प्रश्न विचारला होता आणि त्यांच्या डोळ्यांसमोर खोटा रस्ता मोजून दाखवला गेला.

तुम्ही व्यवहाराच्या उंबरठ्यावर असाल तर टोकन देण्याआधी एवढं करा. महारेराच्या, म्हणजे राज्याच्या स्थावर संपदा नियामक प्राधिकरणाच्या, संकेतस्थळावर प्रकल्प शोधा. 500 चौरस मीटरपेक्षा मोठ्या जमिनीवर प्लॉट पाडून विकायचे असतील तर नोंदणी सक्तीची आहे, फ्लॅटइतकीच प्लॉटलाही; नोंदणीशिवाय जाहिरातही करता येत नाही, आणि दलालाचीही नोंदणी लागते. तिथे मंजूर नकाशा असतो. त्यात तुमचा प्लॉट नंबर, समोरच्या रस्त्याची रुंदी आणि खुली जागा शोधा. मग गटबुक नकाशा, म्हणजे गटाच्या हद्दी दाखवणारा सरकारी नकाशा, घेऊन बघा की लेआउट सार्वजनिक रस्त्याला कुठे मिळतो. पाणंद, वहिवाट, ‘शेतकऱ्याशी बोलणं झालंय’, हे काही वसाहतीचे रस्ते नव्हेत. रुंदी जागेवर टेपने मोजून भागत नाही; मोजणीची हद्द कायम करून घ्या किंवा स्वतंत्र सर्व्हेअर न्या, आणि शक्य असेल तर एकदा भर पावसात जा. खरेदीखतात चतुःसीमेत रस्त्याची रुंदी मीटरमध्ये लिहायला लावा आणि मंजूर नकाशाची प्रत जोडा. जो विकणारा हे लिहायला तयार नाही त्याच्याकडे तो रस्ता नाही. आणि नोंदणीकृत करारनाम्याआधी 10 टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम मागणं रेरा कायद्याच्या कलम 13 विरुद्ध आहे, हे त्याला सांगा.

ज्यांचे पैसे आधीच अडकले आहेत त्यांच्यासाठी. पोलिसांत गेल्यावर पहिल्यांदा ऐकायला मिळेल की ही दिवाणी बाब आहे. आमचंही तसंच झालं. दोन्ही नकाशे एकमेकांशेजारी ठेवून, ‘मंजूर खुली जागा प्लॉट म्हणून विकली’ एवढं एकच वाक्य अर्जाच्या सुरुवातीला लिहिल्यावर तो अर्ज भारतीय न्याय संहितेच्या कलम 318 खाली वाचला गेला. महारेराकडे वेगळी तक्रार केली. खोट्या जाहिरातीवरून पैसे घेतले असतील तर कलम 12 खाली व्याजासह परतावा मागता येतो, आणि मंजूर लेआउट बदलायला कलम 14 प्रमाणे दोन तृतीयांश खरेदीदारांची लेखी संमती लागते. आमच्यापैकी एकाचीही घेतलेली नव्हती. म्हणून रंगीत माहितीपत्रक, व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला नकाशा, जागेवरच्या फलकाचा फोटो, इसारपावती, यातलं काही फेकू नका. तीच जाहिरात आहे, आणि तोच पुरावा.

मधल्या काळात विकणाऱ्याकडून निरोप आला होता: तक्रार मागे घ्या, त्याच वसाहतीत दुसरा प्लॉट लावून देतो. आप्पांनी तो प्लॉट मंजूर नकाशावर शोधला. तो रस्त्यात होता. आम्ही नाही म्हणालो. आता प्लॉटधारक मिळून एकत्र सुनावणीला जातो, आणि नगररचना कार्यालयात लेखी मागणी दिली आहे की मंजूर नकाशाप्रमाणे रस्ते आणि खुली जागा मोकळी झाल्याशिवाय ह्या गटाला अंतिम मंजुरी देऊ नये. त्या वसाहतीत ज्यांच्या खरेदीखतात ‘पैकी’ आणि ‘नियोजित’ आहे पण जे अजून पुढे आलेले नाहीत, त्यांनीही तसाच अर्ज स्वतःच्या नावाने द्यावा. पोच घ्यायला विसरू नये.